अडुसष्टावा दिवस

21,000 ला 312 ने भागा. उत्तर 67 येतं, वर थोडं उरतं.

312 रुपये ही महाराष्ट्रातली रोजगार हमीची 2025-26 या वर्षाची दिवसाची मजुरी. 21,000 रुपये ही संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला घातलेली मर्यादा. घरातल्या एकाच माणसानं 67 दिवस खोरं-टोपलं चालवलं तर ते घर सरकारच्या लेखी निराधार राहतं. अडुसष्टाव्या दिवशी तेच घर खाऊनपिऊन सुखी ठरतं. 2005 च्या केंद्रीय कायद्यानं शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. 2025-26 च्या दरानं त्या हमीचा पुरता उपयोग करणाऱ्याच्या हातात 31,200 रुपये येतात, आणि घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याच्या अनुदानावर गदा येते. शासनानं एका हातानं काम द्यायचं आणि ते काम केलं म्हणून दुसऱ्या हातानं आधार काढून घ्यायचा, हे मला मान्य नाही. कुणालाच मान्य असू नये.

21,000 म्हणजे महिन्याला 1,750. दिवसाला 57 रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या घराचे. ज्यानं ही रेघ मारली त्यानं एकदा मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहून 57 रुपयांत घरभराचा दिवस काढून दाखवावा.

मांजरसुंबा मुद्दाम म्हणतोय. धुळे-सोलापूर महामार्गावरचा हा नाका आमच्या बीड तालुक्यात सगळ्यांच्या पायाखालचा. इथून आत वळलं की काही किलोमीटरवर बालाघाटाच्या घळीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार, कार्तिक पौर्णिमेची यात्रा. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका नाक्यावरच्या हॉटेलांत भाकरी थापायला, भांडी घासायला, कांदा चिरायला येतात. त्यातल्या एकीशी माझी ओळख आहे. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितल्यानं तिचं नुकसान होऊ शकतं. का होऊ शकतं, हेच आज लिहायचं आहे.

तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पक्षाघातानं कमावता न राहिलेला माणूस निराधार योजनेत बसतो, तसा तो बसला. महिन्याला 1,500 रुपये. आधी ही रक्कम 600 होती, 2019 मध्ये 1,000 झाली, 2023 मध्ये 1,500. बाई पहाटे चारला उठते. त्याला स्वच्छ करते, अंथरूण बदलते, पाठीला तेल लावते, पेज भरवते. अशा रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या चिघळतात. हे डॉक्टरनं तिला सांगितलंय आणि तिला पाठ आहे. मग ती जीप धरून नाक्यावर येते आणि भाकरी थापायला बसते. तेवढ्या वेळात कूस कोण बदलणार? शेजारची पोर येऊन पाणी पाजते, उन्हातून सावलीला सरकवते. त्या पोरीला आठवड्याला काही ना काही द्यावं लागतं. डायपरचा खर्च वेगळा. मोठ्या माणसाचं एक डायपर तीस-चाळीस रुपयांच्या आत मिळत नाही, म्हणून ती जुन्या लुगड्यांच्या घड्या वापरते आणि ओढ्यावर धुते.

“मालक म्हणतो रोज ये,” ती म्हणाली. “रोज गेले तर ह्यांना कोण बघील, भाऊ? अन् रोज जाती असं कुणी तहसीलीत जाऊन सांगितलं तर ह्यांचे पैसे बंद. तवा मी आठवड्यातून तीन-चार दिवसच जाते. कुणी इचारलं तर दोनच सांगते.”

हातात कसब आहे, मालक बोलावतो आहे, घरात गरज आहे, आणि ही बाई काम कमी करते. ते दीड हजार जाऊ नयेत म्हणून. तिनं पूर्ण महिना काम केलं तर हातात येणारे पैसे दीड हजारांहून कितीतरी जास्त असतील, हे तिला कळत नाही असं कुणी समजू नये. तिला नीट कळतं. पण हॉटेलचं काम आज आहे, उद्या नाही. सीझन संपला, मालक बदलला, तिचंच अंग दुखायला लागलं की ते काम गेलं. अनुदानाचे पैसे उशिरा का होईना, येतात. एकदा बंद झाले तर ते परत चालू करायला किती हेलपाटे लागतात, हे तिनं शेजारणीच्या वेळी पाहिलंय. बेभरवशाच्या कमाईपायी भरवशाचे पैसे घालवायचे नाहीत, हा तिचा हिशेब शंभर टक्के बरोबर आहे. चूक आहे ती रेघ मारणाऱ्याची.

आणि खोटं बोलायला लावणाऱ्याची. तलाठ्याला ठाऊक असतं, मंडळ अधिकाऱ्याला ठाऊक असतं, तहसीलदाराला ठाऊक असतं, गावाला तर असतंच, की आजच्या बाजारात वर्षाला 21,000 वर कुठलंही घर जगत नाही. तरी दाखले निघतात. वीस हजार, साडेवीस हजार, एकवीस हजार. खिडकीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दोघेही मान खाली घालून त्या आकड्यावर सही-अंगठा करतात. राज्यभर लाखो घरं या एका आकड्यापाशी येऊन वाकतात. त्या वाकण्यातूनच एजंटाचं पोट भरतं. “दाखला कमी उत्पन्नाचा करून देतो” म्हणणारा माणूस प्रत्येक तहसील कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी सापडतो. मर्यादा माणसाच्या जगण्याजवळ आणून ठेवली असती तर या माणसाला तिथं उभं राहायचं कारणच उरलं नसतं. खरं सांगितलं तर उपाशी, खोटं सांगितलं तर गुन्हेगार, अशा पेचात सरकारनं गरिबाला का धरावं? ज्या बाईनं आयुष्यात कुणाची सुई चोरली नाही, ती आज चोरासारखी कामाला जाते.

आता त्याच घरातले दुसरे दीड हजार बघा.

ही बाई 21 ते 65 या वयातली आहे, म्हणून ती लाडकी बहीण. जुलै 2024 पासून सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा किती? अडीच लाख. घर तेच, चूल तीच, रेशनकार्ड तेच, रक्कमही तीच 1,500. बायकोसाठी मर्यादा अडीच लाखांची, अंथरुणावरच्या नवऱ्यासाठी एकवीस हजारांची. जवळजवळ बारा पट फरक. मला लाडकी बहीण योजनेबद्दल तक्रार नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे आले याचा मला आनंदच आहे आणि ते काढून घ्या असं म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. माझा प्रश्न सरळ आहे: धडधाकट माणसाला मदत देताना जे घर अडीच लाखांपर्यंत गरीब मानता, तेच घर लुळ्या माणसाला मदत देताना एकवीस हजारांवरच श्रीमंत कसं मानता?

त्यातही एक गाठ आहे. बाई स्वतः विधवा असेल आणि निराधारचे 1,500 घेत असेल तर ती लाडकी बहीण होऊ शकत नाही. इतर सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर अपात्र, असा नियम आहे. म्हणजे नवरा गेलेली आणि नवरा असलेली, दोघींच्या हातात सारखेच 1,500. विधवेच्या मांडीवर मतिमंद लेकरू असेल तरी तिच्या स्वतःच्या नावावर दुसरा रुपया नाही.

दिव्यांगांसाठी निराधार योजनेची मर्यादा 50,000 आहे आणि 2025 मध्ये त्यांची रक्कम 2,500 करण्याचा निर्णय झाला. चांगला निर्णय. जून 2025 मध्ये नेते बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिना 6,000 मिळावेत हीही होती. पण सगळं भांडण रकमेवर झालं. रेघेवरचं भांडण माझ्या तरी कानावर आलं नाही. दिव्यांग मुलाचे आईबाप दोघं मिळून रोजगार हमीच्या त्या दरानं 161 दिवस राबले, म्हणजे प्रत्येकी 81 दिवसही नाहीत, की 50,000 ओलांडले. अडीच हजार देणार आणि आईबापांनी वर्षातले तीन महिनेही काम करायचं नाही, असा त्याचा अर्थ झाला. जन्मभर ज्याला सांभाळायचंय त्याच्यासाठी चार पैसे मागं टाकावेत, अशी इच्छा धरलेल्या आईबापांना हा नियम सांगतो की मागं टाकू नका.

हे सगळं गरिबाच्याच वाट्याला येतं, हे मला सर्वांत जास्त सलतं. कर भरणाऱ्या माणसाच्या घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर प्राप्तिकरात त्याला 75,000 रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 ची. जुनी करपद्धत निवडली की पुरे, उत्पन्नाची वरची मर्यादा काहीच नाही. पन्नास लाख कमवा, वजावट मिळेल. राज्य सरकारी नोकरीतल्या महिलांना 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्राच्या नोकरीत 730 दिवसांची. या सवलती कुणी काढून घ्याव्यात असं मी म्हणणार नाही. घरात आजारी लेकरू असलेली बाई, ती मंत्रालयात असो की भाकरीच्या परातीपाशी, तिला उसंत हवीच. पण बघा, साहेबाची काळजी घेताना सरकारला कळतं की माणूस नोकरी आणि घरची सेवा दोन्ही एकाच वेळी करत असतो, आणि त्याला दोन्ही करता यावं म्हणून रजा, वजावट, पगार चालू ठेवावा लागतो. मजुराची पाळी आली की तेच सरकार म्हणतं, एक निवड. कमव, नाहीतर सांभाळ.

आणि सांभाळणं हे काम आहे हेसुद्धा सरकारला माहीत आहे. रोजगार हमीच्याच 2005 च्या कायद्यात लिहिलं: कामाच्या जागी पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यावी. बांधावर पाच लेकरं सांभाळली तर ते काम, त्याचे 312 रुपये. घरात एक लुळा माणूस वर्षानुवर्षं सांभाळला तर ते कुठल्याच मस्टरवर चढत नाही. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं 2024 मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. 15 ते 59 वयाच्या बायकांपैकी 41 टक्के बायका घरातल्या कुणाची तरी सेवा-देखभाल करत होत्या आणि अशी बाई दिवसाला सरासरी 140 मिनिटं त्यात घालवत होती. पुरुषांत हे प्रमाण 21 टक्क्यांच्या आसपास, आणि वेळ 74 मिनिटं. मोजमाप झालंय. मोल झालेलं नाही.

कपिलधारकडे येतो. कार्तिक पौर्णिमेला इथं मन्मथमाउलीच्या दर्शनाला दिंड्या येतात. लातूरकडून, नांदेडकडून लोक दिवसचे दिवस चालत येतात. म्हातारी माणसं काठी टेकत, कुणी लेकाच्या खांद्याला धरून घाट उतरतात. पण याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातून दुसरी एक रांग निघते, उलट दिशेला. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर भांडीकुंडी, शेळी, बाजेचे गात, कडेवर पोर. ऊसतोडीला निघालेले कोयते. 2024 साली तर पौर्णिमा आणि गाळप हंगामाची सरकारनं ठरवलेली तारीख एकाच दिवशी आली, 15 नोव्हेंबर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, कर्नाटक.

गावात मागं कोण उरतं? म्हातारी, म्हातारा, आंधळा, लुळा. घराला कुलूप लावून त्याच्या ओट्यावर बसवलेली माणसं.

या घरांना ते एकवीस हजारांचं माप लावून बघा. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपयांवर गेला. नवरा-बायकोनं दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरलं तर 732 रुपये. एकोणतिसाव्या दिवशी 21,000 ची रेघ ओलांडली. दोघं जण, थंडीत पहाटे फडात उतरून, पाचटानं हात कापून घेऊन, एक महिना राबले, की कागदावर ते इतके सुखवस्तू झाले की त्यांच्या घरातल्या पक्षाघात झालेल्या माणसाला सरकारी आधाराची गरज उरली नाही. 65 च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन आहे, त्यालाही हीच 21,000 ची मर्यादा. कुटुंबात कोण धरायचं यावर खिडकीत वाद होतो. म्हातारीनं म्हणायचं, लेक वेगळा निघालाय. लेकानं म्हणायचं, मी आईला बघत नाही. जो बघतो त्यानंसुद्धा असंच म्हणायचं! आईच्या औषधासाठी फडातून मुकादमाच्या फोनवरून पाचशे रुपये धाडणारा पोरगा कागदोपत्री आईला टाकून देणारा ठरतो. घरं मोडायला सरकारनं दुसरं काही करायला नको.

आणि फडातून परत येणं म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक नाही त्यानं बीडमध्ये येऊन विचारावं. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी जातेच, वर दंड बसतो. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या तीन वर्षांतल्या 4,605 गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा आकडा समोर आला आणि देश हादरला. पाळीचा, पोटदुखीचा खाडा परवडत नाही हे त्यामागचं एक कारण होतं. स्वतःच्या शरीरासाठी जिला एक दिवस मिळत नाही, तिला सासूला ताप आलाय म्हणून चारशे किलोमीटरवर कोण सोडणार? हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा असतो. म्हातारीला बँकेपर्यंत न्यायला माणूस लागतो. माणूस फडात.

मागं राहिलेल्या पोरांसाठी सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली. पोरं आजी-आजोबांजवळ राहतात, शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं. योजना राबवण्यात खोट असते, पण विचार नेमका आहे: आईबाप कामावर गेले म्हणून लेकराची आबाळ होऊ नये. कामावर जाऊ नका असं सरकार त्या आईबापांना म्हणत नाही. मग ज्या आजीच्या भरवशावर हे वसतिगृह चालतं, त्या आजीचं काय? पोरगं शाळेत जेवून येतं, आजी त्याची वाट बघत शिळा तुकडा मोडते. तिच्या ताटाचा विचार त्या योजनेत का नाही? त्याच स्वयंपाकघरात दहा भाकरी जास्त थापल्या तर गावातल्या दहा म्हाताऱ्या जेवतील. स्वयंपाकी तीच, चूल तीच, फक्त एक शासन निर्णय पाहिजे.

हा नुसता आमच्याच राज्यकर्त्यांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटननं 1976 मध्ये घरच्या आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला आणि लग्न झालेल्या बायकांना त्यातून वगळलं. त्या तशाही घरीच असतात, असं म्हणून! जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईनं आईला सांभाळण्यासाठी 1984 मध्ये नोकरी सोडली, भत्ता मागितला, नाकारला गेला, म्हणून ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि 1986 मध्ये जिंकली. तो भत्ता आजही आहे. 2025-26 मध्ये आठवड्याला 83.30 पौंड, आणि त्यासाठी आठवड्यात किमान 35 तास सेवा केली पाहिजे. पण त्या वर्षी नोकरीतून आठवड्याला 196 पौंडांच्या वर एक पौंड जरी मिळाला तरी अख्खा भत्ता जात होता. या नियमापायी हजारो माणसं नकळत रेघेपलीकडे गेली, सरकारनं वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं नाही आणि मग एकदम हजारो पौंडांच्या वसुलीच्या नोटिसा धाडल्या. 2024 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी हे बाहेर काढलं, सरकारला लिझ सेस या स्वतंत्र तज्ज्ञांकडून चौकशी करून घ्यावी लागली. म्हणजे इतक्या श्रीमंत देशातही अशी रेघ मारली की त्याच चुका होतात: काम कमी करणं, लपवणं, भिणं, आणि शेवटी सांभाळणाऱ्यालाच चोर ठरवणं.

जर्मनीनं 1995 पासून वेगळी वाट धरली. तिथं घरी सेवा घेणाऱ्याला मिळणारा भत्ता किती, हे एवढ्यावरून ठरतं की त्याला किती मदत लागते. स्वतः उठता येतं का, जेवता येतं का, न्हाता येतं का. घरात कोण किती कमावतं, हे विचारत नाहीत. मुलगी नोकरीला गेली तरी आईची कूस बदलायची गरज तेवढीच राहते, हे त्या कायद्याला कळलंय. तो पैसा विम्याच्या हप्त्यातून येतो, आपल्याकडे तसा विमा नाही, हे मान्य. पण माप कशाला लावायचं, हे ठरवायला विमा लागत नाही.

आणि आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. त्याच्या व्याख्येतच सांभाळ करणारा म्हणजे कोण, ते लिहिलंय: आईबाप आणि घरची माणसं धरून, पैसे घेऊन किंवा न घेता सेवा करणारी कोणीही व्यक्ती. 24 व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी सांभाळ करणाऱ्याचा भत्ता नावानिशी आहे. केरळ आपल्या आश्वासकिरणम योजनेतून सांभाळणाऱ्याला महिन्याला स्वतंत्र 600 रुपये देतं. रक्कम तुटपुंजी आहे आणि सेवेपायी बाहेर कामाला जाता येत नाही अशांनाच मिळते, म्हणजे तिथंही गाठ सुटलेली नाही. तरी निदान त्या राज्यानं अंथरुणाशेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं. बीड जिल्ह्यात हा भत्ता घेणारी एकही सून, एकही आई मला आजवर भेटलेली नाही.

कपिलधारला येणारा बहुसंख्य भाविक लिंगायत समाजाचा. बसवण्णांनी बाराव्या शतकात कायक आणि दासोह सांगितलं: श्रम करा, आणि श्रमाचं फळ वाटून घ्या. एकाला दुसऱ्याआड उभं केलं नाही. यात्रेत पंगत बसते तेव्हा ताट वाढणारा कुणाला उत्पन्नाचा दाखला मागत नाही. दिंडीतली माणसं हे जगतात. त्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्यांनी ते एका शासन निर्णयात का उतरवू नये?

काय करायचं ते अवघड नाही. पक्षाघात, कर्करोग, मोठं अपंगत्व असलेल्या माणसाच्या अनुदानासाठी घराच्या कमाईची अट काढून टाका. माणूस किती परावलंबी आहे ते जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरून ठरवा, जर्मनीसारखं. ते आज जमत नसेल तर निदान मर्यादा लाडक्या बहिणीइतकी अडीच लाख करा. तीच तिजोरी, तेच राज्य. तेही जमत नसेल तर कमाई वाढली म्हणून सगळे पैसे एकदम तोडू नका. रेघेच्या वरच्या चार रुपयांमागे एक रुपया कमी करा, म्हणजे जास्तीचा दिवस काम करणाऱ्याच्या हातात जास्तीचे पैसे उरतील. घरातल्या माणसानं रोजगार हमीवर आणि ऊसतोडीवर केलेली मजुरी उत्पन्नात धरू नका. आणि 24 व्या कलमातला भत्ता सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात टाका, ती कामाला गेली तरी टाका. तिच्या गैरहजेरीत शेजारची पोर कूस बदलेल, तिचा पगार त्यातून जाईल. म्हणजे एका भत्त्यातून दोन बायकांच्या हाताला काम मिळेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे टनामागे पैसे जमा होतात. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या जेवणाचा आणि औषधाचा खर्च त्यातून करण्याचा ठराव महामंडळानं पुढच्या हंगामाआधी करावा.

“खोटा दाखला घेणारे श्रीमंत घुसतील,” असं कुणी अधिकारी म्हणेल. अंथरुणाला खिळलेला माणूस श्रीमंताच्या घरातला असला तरी अंथरुणालाच खिळलेला असतो. आणि त्या श्रीमंताला प्राप्तिकराची वजावट देताना तुम्हाला ही भीती वाटली नव्हती.

गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी. जिल्ह्यातून सहा आमदार विधानसभेत बसतात. प्रत्येकाच्या मतदारसंघात कोयते आहेत, प्रत्येकाच्या प्रचारात ऊसतोड कामगाराच्या कष्टाचं गुणगान असतं. त्यांतल्या एकानं तरी येत्या अधिवेशनात उभं राहून विचारावं की 21,000 हा आकडा आज कुठल्या बाजारभावावर काढलाय, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. प्रश्न लिहून हवा असेल तर मी लिहून देतो. मांजरसुंब्याची ती बाई बेरीज-वजाबाकीत माझ्याहून पक्की आहे, हवं तर तिच्याकडून तपासूनही आणतो.